येरळेचा हवालदार

मोरखडीत घर तिथं शिपाई, असं लोक म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं. सातारा-सांगलीच्या शिवेवरचं, येरळेच्या काठचं गाव. थोडा ऊस, बरी ज्वारी आणि पोराला मिसरूड फुटलं की भरती. गावात माणसाची ओळख नावाआधी हुद्द्यानं व्हायची. "कुणाची म्हैस सुटली?" विचारलं तर "लान्स नाईकाची" असं उत्तर यायचं, आणि लान्स नाईकाच्या म्हशीला सुभेदाराच्या म्हशीआधी पाण्यावर नेत नसत.

अशा गावात नाथाजी मोहिते नाईक म्हणून निवृत्त होऊन आला, हे त्याचं दुखणं होतं. सुरुंगाच्या पलटणीत उभी उमर गेली. हवालदारकी अगदी हाताशी आली होती. पण त्याच सुमाराला त्याला एक पडका बंकर उडवायचा हुकूम झाला आणि त्यानं शेजारचा मुदपाकखाना उडवला. जेवणाची वेळ नव्हती म्हणून कुणी दगावलं नाही. आत मोठ्या साहेबाच्या वाढदिवसाचा केक मात्र होता. तिथून पुढं नाथाजीच्या फितीत एक टाकाही वाढला नाही.

गावी आल्यावर त्यानं विहिरींना सुरुंग लावायचा धंदा धरला. खडक फोडावा तर नाथाजीनंच. आणि विहिरीवरून उरलेला सुरुंगाचा तोटा तो आठवड्याच्या बाजाराआधी नदीतल्या हत्तीडोहात सोडायचा. धडाम्‌ आवाज, पाण्याचा खांब, आणि मग पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे. मोठे असतील ते टोपलीत, बारके तिथंच. नाथाजीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावालाही नव्हतं. बांगलादेशची लढाई होऊन गेली होती, मागोमाग बहात्तरचा दुष्काळही आला नि गेला. त्या दोन वर्षांत नदी आटून डोहाचं डबकं झालं आणि डबक्यातले मासे गावानं वाटून खाल्ले. पुन्हा पाणी आलं तेव्हा नाथाजीच्या एका बाराला मूठभर मासळीसुद्धा वर येईना. तो म्हणायचा, "तोट्यात दम राहिला न्हाई."

त्या साली आकाराम पाटणकर नेव्हीतून निवृत्त होऊन आला. अख्ख्या पायदळाच्या गावातला एकटा नेव्हीवाला. त्याचा हुद्दा पेटी ऑफिसर. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला आणि पहिल्याच एकादशीला देवळात त्याच्यापुढं भजनाची पेटी आणून ठेवली. आकारामनं हात जोडले, आपल्याला वाजवता येत नाही म्हणून सांगितलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. सरकारनं इतकी वर्षं ह्याला पोसलं ते कशासाठी?

हा आकाराम एका दुपारी डोहावर आला. नाथाजी तोट्याला वात लावत होता.

"नाथाजी, नको गड्या. म्या अंदमानात बघितलंय ह्येचं काय हुतं ते."

"काय हुतंय? कालवण हुतंय."

"तिथं समुद्राच्या तळाला पोवळ्याचं रान हाय. तांबडं, पिवळं, जांभळं. झाडावानी फांद्या. त्यातच माशांची घरं, त्यातच त्यांची बाळंतपणं. चोरून येणारी माणसं तिथं असंच तोटं टाकत्यात. एक बार उडाला की रान पांढरं फट्ट. चुन्याची भट्टी जणू. त्येला पुन्हा वाढायला माणसाचा जन्म पुरत न्हाई. मग तिथं मासा कशाला ऱ्हाईल?"

"हितं कुठं पोवळं हाय?"

"हितं दगडाच्या कपारी हायेत. त्याच त्यांची घरं."

नाथाजीनं वात पेटवली. बार झाला. वर एक मासाही आला नाही, आली ती सरपंच कोंडीबाची गेल्या साली बुडालेली कळशी, तीही चेपलेली.

आकारामचं बोलणं नाथाजीनं मनावर घेतलं नाही. पण पलीकडच्या खडकावर धुणं धुणाऱ्या बायकांनी घेतलं. नाथाजीची बायको राहीबाई त्यांत होती. ती आकारामकडं गेली आणि गळ्यातली माळ पुढं करून म्हणाली, "भावजी, हे पोवळं म्हंजी कुणाचं घर हुतं?"

"व्हय वयनी. बारक्या बारक्या जिवांनी बांधल्यालं."

राहीबाई घरी आली, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोहात उतरून माळेतली पोवळी तिनं एका कपारीत नीट लावून ठेवली. जशी मेथी लावतात तशी, वीतभर अंतरानं. तिचं बघून साळूबाईनं लावली, मग दगडाबाईनं, मग अर्ध्या गावानं. पहिल्या पगारातून आणलेली पोवळी नदीत गेली हे नाथाजीला संध्याकाळी कळलं.

"आगं, ते खाऱ्या पाण्यात उगवतंय!"

"मग मीठ टाकू की वाईच," राहीबाई म्हणाली.

आकारामनं बायकांना परोपरीनं समजावलं, की ते असं उगवत नसतं. बायकांनी ऐकून घेतलं आणि पाणी हलवू नका म्हणून त्यालाच दटावलं. पण एक झालं. नाथाजी पुन्हा तोटा घेऊन डोहावर गेला तेव्हा तिथं सात-आठ बायका पदर खोचून उभ्या होत्या. दगडाबाई म्हणाली, "आमची पोवळी हायेत खाली. बार उडवायचा आसंल तर आदी आमच्या गळ्यात उडव." नाथाजी तोटा पिशवीत घालून परत आला. मंडळातल्या पुरुषांनी हसून घेतलं, पण ते बायकांना हसले की नाथाजीला, हे त्याला कळलं नाही.

मंडळ म्हणजे माजी सैनिक मंडळ. एक पत्र्याची खोली, एक कॅरम बोर्ड आणि सुभेदार अर्जुना घोरपडे. सुभेदार ऐंशीला टेकले होते. कान गेले होते, नजर मात्र निशाणबाजाची होती. ऐन आषाढात आकाराम त्यांच्याकडं गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "सुभेदारसाब, एक शिपाई दाखवायचाय. डोहावर चला."

सगळं मंडळ मागोमाग गेलं. नाथाजीही गेला.

लव्हाळ्यापाशी उथळ पाण्यात बारक्या माशांचा तांबूस लोंढा हलत होता, शेंदूर सांडल्यासारखा. आणि त्याच्या खाली, हातभर लांबीची, काळी, जाड, सापाच्या तोंडाची एक मरळ. जरा वेळानं ती वर आली, हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन थांबली.

"नर हाय," आकाराम म्हणाला. "पोरं मोठी होईस्तवर हलत न्हाई. आठवडा झाला, मी रोज बघतोय. खात न्हाई, पित न्हाई. पहारा."

सुभेदार काठीवर वाकून बघत राहिले. तेवढ्यात एक पाणसाप लव्हाळ्यातून सरकत आला. मरळ अशी उसळली की सुभेदारांच्या धोतरावर पाणी उडालं. साप आला तसा गेला.

"पहाऱ्यावर कोण हाय?" सुभेदारांनी विचारलं.

"मासा हाय, साब," नाथाजी म्हणाला.

"ड्यूटी करतोय न्हवं?"

"करतोय, पन..."

"मग शिपाई हाय." सुभेदारांनी पाय जुळवले आणि मोरखडीच्या माजी सैनिक मंडळानं मरळीला भरती करून घेतलं.

नाथाजीला तेव्हा गंमत वाटली. तो घरी जाऊन राहीबाईला सांगताना पोट धरून हसलासुद्धा. पण पलटणीच्या माणसांचं एक असतं, गंमत म्हणून काही सुरू केलं तरी ते शिस्तीनंच करतात. डोह ही छावणी ठरली. छावणीत सुरुंग नाही, चुनखडी नाही, विषारी पाला नाही. गावात जाळं टाकणारं सिद्धू भोयाचं एकच घर. त्याला मंडळात बोलावलं.

"सिद्धू, तुझं पोट आम्ही मारत न्हाई," आकाराम म्हणाला. "पन भरतीच्या वयाआदी कुणाला धरायचं न्हाई."

"म्हंजी कसं?"

म्हणजे असं, की सिद्धूनं धरलेला मासा आधी मंडळात आणायचा. तिथं भरतीच्या वेळची पट्टी भिंतीला लावली होती. माशाची लांबी मोजायची. छाती मोजायची. कमी भरला तर मंडळाचे चिटणीस "अनफिट!" म्हणून ओरडायचे आणि सिद्धू त्याला घागरीतून परत डोहात सोडून यायचा. पोटात अंडी असली तर बाळंतपणाची रजा, तीही पगारी. म्हणजे मंडळ सिद्धूला त्या माशाबदली पायलीभर ज्वारी द्यायचं. लांबी-छातीत पास झालेला मासा मात्र तव्यावर.

पहिल्याच दिवशी पट्टीला लावलेला एक शिवडा मासा उंचीत भरला, तशी मंडळी टाळ्या वाजवून हसली. दारात साळूबाई उभी होती. तिचा एकुलता पोरगा एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नव्हता. ती म्हणाली, "आसंच की. फिट ठरतो त्योच जातो." मग कुणी हसलं नाही. तेव्हापासून मोजमाप टोपी काढून होऊ लागलं.

सिद्धू आधी कुरकुरला, पण जाळ्याचं भोक दोन बोटं रुंद केल्यावर त्याचा ताप कमी झाला. बारके आपोआप सुटून जात, मंडळापर्यंतची खेप वाचे.

इथवर नाथाजीनं सगळं सोसलं. पण मरळीची बढती सुरू झाली आणि त्याची झोप उडाली. एका बगळ्याला पळवून लावल्याबद्दल ती लान्स नाईक झाली. सरपंच कोंडीबा तिच्या पोरांच्या लोंढ्यात अंघोळीला उतरला, तेव्हा तिनं त्याच्या पायाच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. सरपंचानं मंडळात येऊन तक्रार केली. सुभेदारांनी अंगठा जवळून बघितला, जखम खोल असल्याची खात्री करून घेतली आणि मरळीला नाईक केलं.

त्या संध्याकाळी नाथाजी जेवला नाही.

"आवं, बरोबरीचा झाला म्हणून काय झालं?" राहीबाई म्हणाली. "नोकरीत मागनं आल्यालं फुडं जात्यातच."

"आगं, त्येला हात न्हाईत. सलाम कसा करनार त्यो?"

"तुमाला हात हायेत, तुमी करा."

पंधरा ऑगस्टला मंडळानं झेंडा डोहावरच लावला. जन गण मन सुरू झालं आणि मरळ पाण्यावर आली. हवा घ्यायलाच आली असणार. पण गाणं संपेपर्यंत ती तोंड वर करून तशीच राहिली, हे सगळ्या गावानं बघितलं. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या तिथं त्यांनी जाहीर केलं, "आजपासून हवालदार."

नाथाजीच्या कानात दडे बसले. ज्या शब्दासाठी त्यानं बर्फात, वाळूत उमर घालवली, तो शब्द एका माशाला मिळाला होता. आणि वर सगळी रांग आळीपाळीनं सलाम करत पुढं सरकत होती. नाथाजीची पाळी आली. त्यानं हात वर नेला, कपाळाजवळ नेला आणि डोकं खाजवून पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.नं सांगलीला गेला. विश्रामबागेत एका कचेरीत माजी सैनिकांची गाऱ्हाणी ऐकणारा एक साहेब बसतो, असं त्याला कुणी सांगितलं होतं. साहेब मन लावून ऐकणारा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे हवालदार सध्या सेवेत आहेत की निवृत्त?"

"सेवेत."

"आणि तुम्ही?"

"निवृत्त."

"मग अडचण काय? निवृत्त माणसाला सेवेतल्या माणसानं ओलांडलं, तर त्यात अन्याय नाही."

"साहेब, त्यो मासा हाय!"

साहेबानं चष्मा काढून पुसला. "मोहिते, तुम्ही हुद्द्याबद्दल तक्रार करताय की जातीबद्दल? जातीबद्दल असेल तर मी ऐकूनसुद्धा घेणार नाही."

नाथाजी उठला आणि परतीच्या गाडीत त्यानं ठरवलं. हवालदारच उडवायचा.

बाजाराचा दिवस त्यानं मुद्दाम धरला. गाव विट्याला गेलं होतं. भर दुपारी तो डोहावर आला. काठावर मंडळानं नवी पहारा-चौकी बांधली होती, दुष्काळी कामावरच्या उरलेल्या पत्र्याची. तीही रिकामी होती. नाथाजीनं तोट्याला सुरुंगाची टोपी बसवली, वात लावली. मरळ समोरच होती, दुसऱ्या खेपेची पोरं सांभाळत.

वात पेटवायच्या आधी हाळी द्यायची, हा सुरुंगाचा नियम. वीस वर्षांची जीभ ती, आपोआप वळली.

"बार हाय! सरका ऽऽ!"

त्यानं वात पेटवली आणि पाण्याकडं बघितलं. मरळ सरकली नव्हती. ती वर आली, हवेचा घोट घेतला आणि त्याच्याकडं बघत पुन्हा आपल्या जागेवर गेली.

"आरं सरक! बार हाय म्हणतो न्हवं!"

वात फुसफुसत होती. आता समोर माणूस असताना बार उडवायचा नाही, हाही नियमच. नाथाजीला घाम फुटला. "सरक, हुकूम हाय!" तो ओरडला आणि ओरडताओरडताच त्याला उमगलं, की नाईकाचा हुकूम हवालदाराला लागू नाही. पहाऱ्यावरचा हवालदार तर वरून हुकूम आल्याखेरीज इंचभर हलणार नाही, मरेल पण हलणार नाही. नाथाजीही हलला नसता. असल्याच गोष्टींसाठी त्याला त्याची पलटण आवडायची.

"आवं, सरका की साहेब!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. साहेब सरकले नाहीत.

मग नाथाजीनं सगळा जोर लावून तोटा पाण्याच्या उलट बाजूला भिरकावला आणि स्वतः खडकामागं पालथा पडला. बार झाला. मागं वळून बघितलं तर पहारा-चौकी जागेवर नव्हती. तिचा एक पत्रा नंतर सरपंचाच्या उसात सापडला.

कोर्ट मार्शल मंडळात बसलं. कॅरम बोर्ड टेबल म्हणून मांडला. नाथाजीची बाजू मांडायला कुणी उभं राहीना, तेव्हा आकाराम उठला.

"साब, ह्यानं मारायला तोटा आणला हे खरं. पन टाकला न्हाई हेबी खरं. इचारा त्येला, का."

सुभेदारांनी विचारलं. नाथाजी खाली मान घालून म्हणाला, "फुडं सीनियर उभा हुता, साब."

सुभेदारांना ऐकू गेलं नाही. त्याला ते तीनदा, प्रत्येक वेळी आणखी मोठ्यानं म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटला.

"शिक्षा," सुभेदार म्हणाले. "नाईक मोहिते आजपासून हवालदार मरळ यांच्या हाताखाली. चौकी सोताच्या खर्चानं बांधायची, आन्‌ तिथंच हजर ऱ्हायचं."

नाथाजीला वाटलं होतं की लाज वाटेल. पहिल्या सकाळी चौकीवर उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच पाठ ताठ झाली आहे. मरळ वर आली की तो पाय जुळवायचा. मरळ काही बोलायची नाही, आणि आजवर भेटलेल्या साहेबांत असा साहेब त्याला मिळाला नव्हता. राहीबाई दुपारची भाकरी तिथंच आणायची आणि जाताना कपारीत हात घालून पोवळी चाचपायची. "अजून कोवळी हायेत," म्हणायची. त्या कपारीत आता वाम, सापासारखी लांब मासळी, राहायला आली होती. पोवळ्यापायी दुसरं कुणी तिथं हात घालत नसे, म्हणून ती सुखात होती.

भाद्रपदात एक जीप आली. आत चौघं, तालेवार कंत्राटदाराकडची माणसं. पाहुण्यांची पंगत बसायची होती, मासळी हवी होती आणि मागच्या सीटवर तोट्यांचा खोका होता.

"आमच्या साहेबांची परवानगी लागंल," नाथाजी म्हणाला.

"मग आण जा."

नाथाजी पाण्याजवळ गेला, पाय जुळवून उभा राहिला, जरा थांबला आणि परत आला. "साहेब न्हाई म्हणत्यात."

"कुठायत तुझे साहेब?"

"पान्यात हायेत."

चौघांनी वाट बघितली. साहेब अंघोळ करून बाहेर येतील असा त्यांचा समज होता. बराच वेळ कुणी बाहेर येईना, तसा एकजण खोका काढायला वळला. नाथाजी खोक्यात डोकावला आणि दोन पावलं मागं सरला. खोक्यावर रात्रीच्या पावसाचे थेंब होते.

"ह्या तोट्यांनी घाम सोडलाय," तो हळूच म्हणाला. "घाम सोडल्याला तोटा शिंकंनंसुद्धा उडतो. हे घिऊन तुमी खड्ड्यांतनं आलासा? लय धाडस गड्यांनो."

चौघांची तोंडं पांढरी पडली. एकाला शिंक येत होती, त्यानं नाक गच्च धरलं. जीप सुरू करायचं धाडस कुणालाच होईना. ते दबकत, चवड्यांवर चालत, शिवेपर्यंत गेले आणि तिथून पळत सुटले. जीप दसऱ्यापर्यंत डोहावरच होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. नाथाजीनं तोटे पुसून कोरडे केले, दोन विहिरी पाडून दिल्या आणि डोहाकडं तोंड करून माफीही मागितली, कारण तो साहेबांच्या नावावर खोटं बोलला होता.

परतीच्या पावसात येरळा दोन्ही थड्या भरून आली. पाणी ओसरलं तेव्हा मरळ दिसली नाही. नाथाजीनं सकाळची हजेरी घेतली, संध्याकाळची घेतली. आठवडाभर घेतली. मंडळात वाद पेटला. कुणी म्हणालं पळाला, कुणी म्हणालं शहीद झाला. पळाला म्हणणाऱ्याच्या अंगावर नाथाजी धावून गेला.

सुभेदारांनी तोड काढली. "हवालदार बेपत्ता. जागा मोकळी. सीनियॉरिटीनं नाईक मोहित्यांचा नंबर लागतो."

सगळे नाथाजीकडं बघायला लागले. हा शब्द ऐकायला तो किती वर्षं थांबला होता! पण तो म्हणाला, "बेपत्ता हायेत साब, मेलेलं न्हाईत. त्यांची जागा मी कशी घिऊ?"

घरी राहीबाईनं विचारलं, "घ्यायची की. कुणी दिली आसती पुन्हा?"

"न्हाई घितली," एवढंच तो म्हणाला आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

डोह मात्र गजबजून गेला होता. तळहाताएवढ्या मरळी लव्हाळ्यात सुळसुळायच्या, शिवडे वाढले होते, सिद्धूच्या जाळ्यात आता अनफिट क्वचितच यायचे. ही वार्ता बाजारा-बाजारांतून लांब गेली आणि एके दिवशी कवठे महांकाळकडून जाईबाई कांबळे नावाची बाई दोन गडी घेऊन आली. मंडळाच्या दारात उभी राहून म्हणाली, "आमी दुष्काळी कामावर पाझर तलाव खणला, आमच्याच हातांनी. औंदा पानी आलं. लय चांगलं पानी हाय. पन पान्यात कोनच न्हाई."

पाण्यात कोणच नाही, या शब्दांनी मंडळ हललं. आकाराम म्हणाला, "मरळच द्या. तलाव आटला तरी चिखलात तग धरंल." सुभेदारांनी बदलीचा हुकूम काढला. बरोबर जबाबदार माणूस म्हणून नाथाजी.

घागरींच्या तोंडांना ओली फडकी बांधून तो एस.टी.त चढला. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे आत?"

"पलटण."

"किती जण?"

"मोजता येत न्हाईत. हलत्यात."

कंडक्टर बराच वेळ विचार करत राहिला. पाच वर्षांखालील असतील तर तिकीट नाही, म्हणाला. नाथाजीनं वय शपथेवर सांगितलं. मग सबंध रस्ताभर गाडीतले लोक आळीपाळीनं आपल्या तांब्यातलं ताजं पाणी घागरीत ओतत राहिले, आणि खड्डा आला की ड्रायव्हर आधी ओरडून सांगायचा.

तलाव माळाच्या मधोमध होता, भोवती झाड म्हणून नाही. जाईबाईच्या गावची माणसं भरावावर रांगेनं उभी होती. नाथाजी गुडघाभर पाण्यात गेला आणि एकेक घागर हळूच आडवी केली. काळसर पाठी पाण्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते पाण्याकडं बघत राहिले, आत कुणीतरी आहे हे माहीत असल्यासारखे.

"ह्यांच्यात हवालदार कोन?" जाईबाईनं विचारलं.

"अजून न्हाई कोन," नाथाजी म्हणाला. "पोरं हायेत. हुतील."

"आन्‌ तवर?"

नाथाजीनं माळावर नजर टाकली. दूर रस्त्यावर परतीची गाडी धूळ उडवत येत होती. त्यानं धोतराचा ओला सोगा पिळला, भरावावरचा एक बरा दगड बघितला आणि त्यावर बसला.

"बाई," तो म्हणाला, "मोरखडीला कुनी जानारं आसंल तर घरी सांगा, मी उद्याच्या गाडीनं येतो म्हणून. न्हाईतर परवाच्या."